निघणं वेगळं, सोडणं वेगळं

ताई, नमस्कार.

मी नाशिकची, गंगापूर रोडला राहते. शहराबाहेरच्या एका वायनरीत पाहुण्यांना बाग दाखवणं, वाइनची माहिती देणं हे माझं काम. पाहुण्यांत फ्रेंच लोकही असतात, म्हणून गेल्या वर्षीपासून फ्रेंच शिकतेय. येत्या सप्टेंबरात तिकडच्या एका द्राक्षबागेत तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचं नक्की झालंय. इथली नोकरी सोडत नाहीये, बिनपगारी रजा मिळाली आहे.

माझी गाडी एकाच ठिकाणी अडते. इंग्रजीत ‘लीव्ह’ म्हटलं की सगळं भागतं. फ्रेंचमध्ये पार्तीर, किते, सॉर्तीर, साँ नाले, लेसे अशी रांगच आहे आणि नेमकं नको तेच क्रियापद तोंडात येतं. तिकडच्या मॅडमना ‘मी 12 सप्टेंबरला निघते’ असं कळवायचं होतं, मी ‘किते’ वापरलं. त्यांनी उलट विचारलं, ‘काय सोडताय? आमचं प्रशिक्षण?’ मागे एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले की दहा वाजता मी या सरांबरोबर बाहेर पडणार आहे, तर ते एकमेकांकडे बघून हसायला लागले. भूतकाळात मदतीला ‘एत्र’ (असणे) हे क्रियापद लावायचं की ‘आव्वार’ (जवळ असणे), याची यादी पाठ केलीय. कागदावर आठवते, बोलताना विसरते. डेल्फची, म्हणजे फ्रेंचच्या प्रमाणपत्राची, परीक्षाही तोंडावर आलीय. आणि निरोप घेताना आपण ‘येते’ म्हणतो, तसं तिथे काय म्हणायचं?

– ‘निघता निघेना’, नाशिक

प्रिय ‘निघता निघेना’,

तुझ्या चुकांचं मूळ फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीत आहे. तुझ्या मनात वाक्य मराठीत उमटतं, तू ते आधी इंग्रजीत नेतेस आणि तिथून फ्रेंचमध्ये. या मधल्या मुक्कामात सगळा घोटाळा होतो. ‘मी घरून निघाले’, ‘मी नोकरी सोडली’, ‘किल्ली घरीच राहिली’, ‘पानात काही टाकू नकोस’ ही चारही वाक्यं इंग्रजीत गेली की चारही ठिकाणी ‘लीव्ह’ येऊन बसतं. मराठीने जे चार वेगळ्या शब्दांत नीट ठेवलं होतं, ते एकाच शब्दात कोंबलं जातं. मग फ्रेंचच्या दारात उभं राहून तू त्या एका शब्दाचे पुन्हा चार करायला बघतेस, आणि कुठला कोणता हे तोवर पुसून गेलेलं असतं.

म्हणून माझा सल्ला एकच आहे आणि तो मी अगदी मनापासून देतेय: या क्रियापदांपुरतं इंग्रजी बाजूला ठेव आणि मराठीतून थेट फ्रेंचमध्ये जा. निघण्या-सोडण्याच्या बाबतीत फ्रेंच जिथे फरक करते, जवळजवळ तिथेच मराठीही करते. हा फरक तुला शाळेत जायच्या आधीपासून येतो. ‘मी शाळा निघाले’ असं नाशिकमधलं चार वर्षांचं पोरही म्हणत नाही.

पार्तीर म्हणजे निघणे. एवढं घट्ट धर. निघण्याला कुठून, कुठे, कधी, कशाने, कुणाबरोबर हे सगळं चालतं. चालत नाही ते फक्त कर्म. ‘मी नाशिकहून निघते’: ‘झ पार द नाशिक’. ‘मी फ्रान्सला निघते’: ‘झ पार पूर ला फ्राँस’. (हा झ ‘झाड’मधला नाही, ‘मेझर टेप’मधला.) आणि नुसतं ‘झ पार’ हेही पूर्ण वाक्य आहे, जसं आपलं ‘निघते मी’. कुठे जायचं त्या गावाच्या आधी ‘पूर’ लावायचा हा जुन्या व्याकरणकारांचा आग्रह. आता बोलताना फ्रेंच लोक सर्रास ‘आ’ किंवा ‘आँ’ वापरतात, पण परीक्षेत ‘पूर’ लिहिलंस तर कुणी बोट ठेवणार नाही.

नाशिक रोडच्या फलाटावर आपण म्हणतो, ‘पंचवटी सुटली.’ गाड्या आपल्याकडे सुटतात, माणसं निघतात. फ्रेंचमध्ये गाडी असो की माणूस, दोघांना पार्तीरच: ‘ल त्रँ पार’. कपड्यावरचा डाग निघतो तोही पार्तीर. इथे बघ, आपणही ‘डाग निघाला’ असंच म्हणतो, इंग्रजीतलं ‘लीव्ह’ मात्र डागाला चालत नाही. आणखी एक रूप तुला पावलोपावली दिसेल, ‘आ पार्तीर द’. दुकानात किमतीच्या आधी लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ‘इतक्या युरोपासून पुढे’, तारखेच्या आधी असेल तर ‘अमुक तारखेपासून’. तिथून निघून पुढे, हाच अर्थ.

उच्चाराचं एक सांगते, कारण शिकवण्यांत यावर फार वेळ देत नाहीत. मी, तू, तो यांची रूपं लिहायला वेगळी असली तरी कानाला तिन्ही ‘पार’च. अनेकवचनात ‘त’ जागा होतो: आम्ही ‘पार्तों’, तुम्ही ‘पार्ते’, ते ‘पार्त’. सॉर्तीरचंही तंतोतंत तसंच: ‘सॉर’, आणि मग ‘सॉर्तों’, ‘सॉर्ते’, ‘सॉर्त’. तोंडाला वळण पडेपर्यंत मोठ्याने म्हण.

किते म्हणजे सोडणे. सोडणे म्हटलं की ‘काय?’ हा प्रश्न आलाच, आणि त्या मॅडमनी तुला नेमका तोच विचारला. त्यांना राग आलेला नाही. तुझं वाक्य अर्धं राहिलं होतं. आपल्याकडेही कुणी ‘मी 12 तारखेला सोडतेय’ एवढंच म्हणालं तर आपण विचारूच ना, नोकरी का घर? तेव्हा कितेच्या पुढे कर्म हवंच: ‘झ कीत नाशिक’, मी नाशिक सोडते. मधे ‘द’, म्हणजे आपलं ‘-हून’, नको. ‘नाशिकहून सोडते’ असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

या दोन शब्दांचा इतिहास मला फार आवडतो आणि तो तुझ्या कामाचाही आहे. पार्तीर लॅटिनमधून आला तो ‘वाटणे, भाग करणे’ या अर्थाने. पुढे ‘स्वतःला वेगळं करणे’ आणि त्यातून ‘निघणे’. वेगळं व्हायचं ते कशापासून तरी, म्हणून त्याच्यामागे ‘द’ येतो. जुना अर्थ फ्रेंचमधल्या एका वाक्प्रचारात अजून जिवंत आहे: कुणाशी भांडण असलं की त्याच्याशी ‘माय’ वाटून घ्यायची आहे, असं म्हणतात. ‘माय’ हे जुन्या काळातलं अगदी क्षुल्लक नाणं. त्याची वाटणी करायची म्हणजे भांडण ठरलेलंच. कितेचं मूळ देण्याघेण्यात आहे. ‘कीत’ म्हणजे ऋणातून मोकळा. आजही हिशेब चुकता झाला की ‘नू सॉम कीत’ म्हणतात, आता आपलं एकमेकांचं काही देणं नाही. किते म्हणजे मूळात मोकळं करणे, हक्क सोडणे. हक्क सोडायचा तर कशावरचा हे सांगावंच लागतं. इंग्रजीतले ‘डिपार्ट’ आणि ‘क्विट’ हे दोन्ही शब्द जुन्या फ्रेंचमधूनच गेलेले, ‘लीव्ह’ तेवढा अस्सल इंग्रजी. ‘डिपार्ट’ला अजूनही मागे ‘फ्रॉम’ लागतो आणि ‘क्विट’ला जॉब लागतो, त्यात ही जुनी वळणं दिसतात.

आता एत्र आणि आव्वार. तू यादी पाठ केलीस हे वाईट केलं नाहीस, पण ती यादी मराठीत आधीच लिहिलेली आहे. दहावीच्या व्याकरणातला कर्तरी आणि कर्मणी प्रयोग आठव. ‘मी निघाले’ असं तू म्हणतेस, तुझा भाऊ ‘मी निघालो’ म्हणेल. क्रियापद माणसाकडे बघून रूप बदलतं. ‘मी नोकरी सोडली’ हे मात्र तूही म्हणशील आणि तोही. तिथे क्रियापद नोकरीकडे बघतं, तुमच्याकडे नाही. फ्रेंचमध्ये अगदी हेच घडतं. ‘झ स्वी पार्ती’ हे एत्र लावून येतं, आणि तू लिहिशील तेव्हा पार्तीच्या शेवटी ‘ई’ हे एक जादा रोमन अक्षर येईल, भाऊ लिहील तेव्हा येणार नाही. ‘झे किते’ हे आव्वार लावून येतं, आणि तू लिही नाहीतर भाऊ, फरक पडत नाही.

पुढची गंमत तर मराठी माणसालाच पुरती कळेल. फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं की आव्वार असूनही किते त्या कर्माकडे वळून बघतं. ‘मी सोडलेलं शहर’ म्हणायचं तर ‘ला व्हील क झे किते’. शहर फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून कितेच्या शेवटी तो जादा ‘ई’ लागतो. इंग्रजी माध्यमातून शिकणाऱ्याला हा नियम डोंगराएवढा वाटतो. आपण मात्र ‘सोडलेली नोकरी’, ‘सोडलेला गाव’, ‘सोडलेलं घर’ असं दिवसभर बोलत असतो.

एत्रची यादी आता मराठीत म्हणून बघ: मी गेले, आले, निघाले, पोचले, बाहेर पडले, आत शिरले, चढले, उतरले, पडले, राहिले, परतले, जन्मले, मेले, झाले. सगळी ‘ले’वाली, तुझ्याकडे बघणारी. यातल्या एकाही ठिकाणी ‘मी’बरोबर ‘सोडली’, ‘केलं’, ‘खाल्ला’सारखं रूप येत नाही.

उलट दिशेने मात्र हा नियम लावू नकोस, तिथे फसशील. मराठीत ‘मी धावले’, ‘मी चालले’, ‘मी हसले’, ‘मी फ्रेंच शिकले’ हीही कर्तरीच आहेत, पण फ्रेंचमध्ये या चौघांनाही आव्वार. फरक असा की ‘अर्धा तास चालले’ म्हटल्यावर तू कशी हललीस ते कळतं, कुठून कुठे पोचलीस ते कळत नाही. एत्रवाली क्रियापदं जागा किंवा अवस्था बदलल्याचं सांगतात: आत होती ती बाहेर आली, इथे होती ती तिथे गेली, नव्हती ती जन्मली. ‘राहिले’ तेवढं याला अपवाद, ती जागा न बदलल्याची खबर. बोलताना एवढंच विचार: मराठीत रूप माझ्याप्रमाणे बदलतंय का, आणि मी इथली तिथे झाले का? दोन्हींना ‘हो’ आलं तर एत्र.

सॉर्तीर म्हणजे बाहेर पडणे. मेट्रोत, दुकानात, सगळीकडे बाहेरच्या वाटेवर ‘सॉर्ती’ ही पाटी दिसेल. याला एत्रही लागतं आणि आव्वारही, आणि विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात. मराठीने हे दोन शब्दांत सोडवलंय. ‘मी बाहेर पडले’: एत्र, ‘झ स्वी सॉर्ती’. ‘मी गाडी बाहेर काढली’: आव्वार, ‘झे सॉर्ती ला व्वात्यूर’. आपण पडणे आणि काढणे असे दोन शब्द वापरतो, फ्रेंच एकच शब्द ठेवते आणि त्याच्या आधीचं सहायक क्रियापद बदलते. चढणे-चढवणे, उतरणे-उतरवणे यांचंही असंच आहे.

पाहुणे का हसले तेही यातच आलं. सॉर्तीरच्या मागे ‘आव्हेक’ म्हणजे ‘बरोबर’ लावून व्यक्ती आली की बऱ्याचदा अर्थ होतो, ‘आमचं जमलंय’. इंग्रजीतल्या ‘गोइंग आउट विथ’चाही तोच अर्थ निघतो. तुझ्या कामात हे वाक्य वरचेवर लागणार, तेव्हा साधं बोल: ‘झाकोंपान्य मस्य’, मी सरांना सोबत करतेय. किंवा सगळ्यांना मिळून, ‘ओं पार आ दी-झर’, आपण दहाला निघू. बागेची फेरी सुरू करताना हे शेवटचं वाक्य सगळ्यात सुटसुटीत आहे.

लेसे म्हणजे ठेवणे, राहू देणे, टाकणे. पाहुण्याची छत्री गाडीत राहिली तर ‘लेसे’ किंवा ‘विसरणे’ या अर्थाचं ‘उब्लिए’. आपण छत्रीलाच कर्ता करतो, ‘छत्री राहिली’, आणि फ्रेंचमध्येही ‘राहणे’ म्हणजे ‘रेस्ते’ वापरून तसं म्हणता येतं. इंग्रजीत छत्री ‘रिमेन’ झाली असं कुणी म्हणणार नाही. ‘जाऊ दे, सोड ना!’ याला फ्रेंच लोक ‘लेस तोंबे’ म्हणतात, पडू दे. हे ऐकून लक्षात ठेव, मॅडमना उद्देशून वापरू नकोस. घरगुती बोलणं आहे.

‘सोड ना’वरून आठवलं, मराठीचा हा पूल सगळीकडे पोचत नाही, आणि जिथे पोचत नाही ती ठिकाणं तुझ्या रोजच्या कामात आहेत. ‘पाहुण्यांना नाशिक रोडला सोडलं’ या वाक्यात सोडणे आहे म्हणून किते लावशील, तर अर्थ होईल, त्यांची साथ सोडली. तिथे ‘देपोझे’ हवं. इंग्रजीतही आपल्याकडचे लोक सर्रास ‘आय लेफ्ट देम ॲट द स्टेशन’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्यांना वाऱ्यावर सोडलं. ‘ड्रॉप्ड’ म्हणावं. सिगारेट सोडली याला इंग्रजीत ‘क्विट’ चालतं, फ्रेंचमध्ये मात्र ‘आरेते’, थांबवणे. आणि ‘कुत्रा सोडला’ला वेगळाच शब्द आहे, ‘लाशे’. थोडक्यात, माणसाने जागा, काम किंवा माणूस मागे टाकून स्वतः जायचं असेल तेव्हाच किते.

फ्रंट डेस्कवर फोन घेत असशील तर ‘न किते पा’ तुला रोज लागेल: ‘फोन ठेवू नका, थांबा जरा.’ यात कर्म दिसत नाही, कारण ही ठरून गेलेली टेलिफोनची भाषा आहे. आहे तशी घे.

इंग्रजीबद्दल थोडंसंच, कारण तुला तिथेही पाहुण्यांशी बोलायचंय. आपल्याकडे ‘लेफ्ट फ्रॉम होम’ आणि ‘लेफ्ट टू मुंबई’ ही दोन वाक्यं फार ऐकू येतात. दोन्ही मराठी विभक्तीवरून उचललेली: घरून, मुंबईला. इंग्रजीत ‘लेफ्ट होम’ आणि ‘लेफ्ट फॉर मुंबई’. तो ‘फॉर’ विसरलीस तर मुंबईला निघालेला माणूस मुंबई सोडून गेलेला होतो. फ्रेंचमध्ये असा उलटा अर्थ होण्याची भीती कमी, कारण तिथे क्रियापदच वेगळं आहे. ‘डिपार्ट’ वेळापत्रकासाठी आणि फलकासाठी ठेव. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा बातमीत ‘प्रस्थान’ लिहितात, पण घरातून भाजी आणायला जाताना कुणी प्रस्थान करत नाही. ‘डिपार्ट’चं तसंच आहे.

एक गंभीर प्रसंगही सांगून ठेवते, कारण तीन महिन्यांत असा निरोप कानावर येऊ शकतो. माणूस वारला की आपण ‘गेले’ म्हणतो. फ्रेंच लोकही ‘इल ए पार्ती’ म्हणतात, आणि लेखी निरोपात ‘इल नूझा किते’, ते आम्हाला सोडून गेले. कर्म ‘आम्ही’ आधी आलंय, म्हणून कितेला अनेकवचनाचा ‘एस’ लागतो. सहकाऱ्याने आजोबांबद्दल ‘इल ए पार्ती’ म्हटलं तर आवाजाकडे लक्ष दे आणि मगच ‘कुठे?’ विचार.

आता तुझा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, ‘येते’चा. आपल्या घरांत दारातून ‘जाते’ म्हटलेलं चालत नाही, लगेच आतून आवाज येतो, ‘येते म्हण!’ हे शब्दशः फ्रेंचमध्ये नेलंस तर समोरचा माणूस तुझी वाट बघत बसेल. आणि नुसतं ‘झ पार’ हे दारात उभं राहून म्हटलं तर लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं. रोजच्या निरोपाला फ्रेंच लोक ‘बों, झी वे’ म्हणतात, किंवा जरा अदबीने ‘झ वू लेस’. लेसे इथे पुन्हा आलं: तुम्हाला तुमच्या कामावर सोडून निघते. मॅडमशी बोलताना मला हेच सगळ्यात चांगलं वाटतं. ‘साँ नाले’ म्हणजे निघून जाणे, त्याचं ‘झ माँ वे’ही ऐकू येईल, तेही बरोबर आहे. त्याचा भूतकाळ मात्र बोलण्यात फारसा कुणी वापरत नाही, ‘झ स्वी पार्ती’वरच भागवतात, तूही भागव.

‘येते’मधला परत भेटण्याचा जो ओलावा आहे तो फ्रेंचमध्ये क्रियापदात नसतो, त्याच्या पुढच्या शब्दात असतो. उद्या भेटणार असाल तर ‘आ द्मँ’, थोड्या वेळात असाल तर ‘आ तुतालर’, लवकरच कधीतरी असाल तर ‘आ ब्याँतो’. म्हणून संध्याकाळी बागेतून निघताना ‘बों, झ वू लेस, आ द्मँ’ म्हण. एवढं म्हटलंस की ‘येते’ पुरतं पोचलं. इंग्रजी पाहुण्यांना ‘आय शुड गेट गोइंग, सी यू टुमॉरो’. आणि पाहुण्यांना निघायची आठवण करताना पार्तीरचं किंवा साँ नालेचं आज्ञार्थी रूप कधीही वापरू नकोस. ‘आले वूझाँ’ म्हणजे ‘चालते व्हा’, ‘वा ताँ’ म्हणजे ‘चल नीघ’. बस दहा मिनिटांत सुटतेय एवढं सांगितलं तरी माणसं उठतात.

परीक्षेची धास्ती नको. डेल्फमध्ये 100 पैकी 50 गुणांना उत्तीर्ण, चार भागांपैकी प्रत्येकात 25 पैकी किमान 5 हवेत. तो जादा ‘ई’ तोंडी परीक्षेत ऐकूच येत नाही, ‘पार्ती’ दोन्हीकडे ‘पार्ती’. लेखी भागात शेवटची काही मिनिटं फक्त यासाठी राखून ठेव: आपणच लिहिलेल्या मजकुरात एत्र शोधायचं आणि त्यापुढच्या शब्दाच्या शेवटी बघायचं, बाई बोलतेय की पुरुष.

आणि मॅडमना आजच उत्तर पाठव, त्या खरंच बुचकळ्यात पडल्या असतील. आधी ‘झ पार द नाशिक ल दूझ सेप्ताँब्र’, मी 12 सप्टेंबरला नाशिकहून निघते. मग त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, ‘झ न कीत पा ल स्ताझ’, मी प्रशिक्षण सोडत नाहीये. इथे किते अगदी योग्य आहे, कारण कर्म समोर उभं आहे. तिसरं वाक्य रजेचं, कारण इथल्या नोकरीचं काय हा प्रश्न त्यांना पडणारच. इंग्रजीतली ही ‘लीव्ह’ वेगळीच, तिचा निघण्याशी संबंध नाही आणि फ्रेंचमध्ये तिला ‘कोंझे’ म्हणतात. तुझी बिनपगारी, म्हणून ‘झ स्वी आँ कोंझे साँ सॉल्द’. पोचायची तारीख आणि वेळ कळली असेल तर तीही त्यातच लिही, म्हणजे स्टेशनवर कुणी न्यायला येणार असेल तर त्यांना ठरवता येईल.

– तुझी ताई